आठवी ‘ब’चा मेंदू

आमच्या अध्यापक महाविद्यालयाच्या फाटकावर त्या वर्षी जो फलक लागला, त्यावर दहा चेहरे होते आणि अकरावा, सगळ्यांत मोठा, प्राचार्यांचा. वर लिहिलं होतं : ‘विज्ञानाचे उद्याचे शिक्षक – महाराष्ट्राचे सर्व रंग.’ दहांमध्ये कोलामांच्या पोडावरची एक बाई होती, एक ऐकू न येणारा तरुण, एक मासे धरणाऱ्या ढिवराचा मुलगा, एक तृतीयपंथी, एक ऊसतोडीच्या फडावर जन्मलेला. छायाचित्रकाराने सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं केलं होतं. प्राचार्य डॉ. शरच्चंद्र गावंडे यांनी त्यांना कातडीच्या रंगाप्रमाणे परत उभं केलं. “विविधता लांबूनसुद्धा दिसली पाहिजे,” म्हणाले.

साल दोन हजार एकोणचाळीस. विज्ञान आणि गणित शिकवणारे सगळे एकाच साच्यातून येतात, म्हणून पाड्या-पोडावरची मुलं या विषयांना घाबरतात, असा अहवाल कुठल्याशा समितीने दिला होता. हे कळायला समितीला चार वर्षं लागली. मग प्रत्येक महाविद्यालयाने निरनिराळ्या थरांतले दहा विद्यार्थी-शिक्षक घ्यावेत, असा आदेश निघाला.

मी तिथे वरिष्ठ लिपिक. आडनाव ठोंबरे. सव्वीस वर्षं माझ्याकडे एकच महत्त्वाचं काम आहे, पाठांची नोंदवही. शिक्षक होऊ घातलेल्या प्रत्येकाला आवारातल्या सराव शाळेत जाऊन खऱ्या मुलांपुढे पाठ द्यावे लागतात. कोणी, कुठल्या वर्गात, कोणत्या घटकावर, किती वाजून किती मिनिटांनी पाठ दिला, ते मी लाल कापडी बांधणीच्या वहीत लिहिते. पाठाचा टोलही मीच देते. आधी एक, पस्तीस मिनिटांनी दोन. शाळेची घंटा केव्हाच विजेवर गेली. पण प्राध्यापकांना बोलताना वेळेचं भान राहत नाही, म्हणून सराव पाठांचा पितळी टोल माझ्या हातात राहिला.

सराव शाळेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. बाहेरच्यांना ती माहीत नसते आणि आतले ती बोलत नाहीत. आमच्याकडे विज्ञानाचे पाठ आठच. पुस्तकात घटक एकोणीस असले तरी प्रत्येक विद्यार्थी-शिक्षक वर्षानुवर्षं चालत आलेले तेच आठ घेतो, कारण त्यांची टाचणं तयार असतात, तक्ते तयार असतात आणि प्रश्न विचारले की मुलांची उत्तरंही तयार असतात. ‘प्रकाशाचे परावर्तन’ ऐकून ऐकून पोरांचे कान किटलेले. आठवी ‘ब’ तर या कामात मुरलेली. नवा शिक्षक फळ्याकडे वळला की पहिल्या बाकावरचा पोरगा हळूच विचारतो, “सर, आरसा आणला का? आता आरसा दाखवायचा असतो.” परीक्षेच्या पाठाला उत्तर येत असेल तर उजवा हात वर करायचा, येत नसेल तर डावा, हे वर्गाला कुणी शिकवावं लागत नाही. पाठ बघायला आलेल्या साहेबांना हातांचं जंगल दिसतं आणि ते खूश होऊन चहा पितात.

अशा या शाळेत ‘आकलक’ आला.

यंत्र बसवायला पुण्याहून सिद्धेश गोरक्षकर नावाचा इंजिनिअर आला होता. वय सत्तावीस. मला ‘मॅडम’ म्हणणारा त्या आवारातला पहिला माणूस, त्यामुळे त्याला चहा मिळायचा. त्याने मला यंत्र समजावून सांगितलं. इतरांनी त्याला विचारलंच नव्हतं. त्यांना ते कळत असल्याची त्यांची खात्री होती.

“मॅडम, आपण कुणाचं बोलणं मन लावून ऐकतो ना, तेव्हा आपल्या मेंदूतल्या विजेच्या लहरी त्या बोलण्याच्या लयीत चालायला लागतात. वर्गातली चाळीस मुलं एकच गोष्ट लक्ष देऊन ऐकत असतील तर त्यांच्या लहरी एकमेकींशीही जुळतात. हे जुनं संशोधन आहे. दुसरं असं, की अनपेक्षित काही कानांवर पडलं की मेंदू अर्ध्या सेकंदाच्या आत एक धक्का नोंदवतो. कपाळावर पट्टी बांधली की हे दोन्ही मोजता येतं.”

“म्हणजे समजलं की नाही, ते कळतं?”

“थेट नाही. यंत्राला आधी शिकवावं लागतं. एक वर्ग घ्यायचा, पट्ट्या बांधायच्या, पाठ द्यायचा आणि लगेच चाचणी. ज्यांना उत्तरं आली त्यांच्या लहरी कशा होत्या, ते यंत्र बघतं आणि लक्षात ठेवतं की समजलेला मेंदू असा दिसतो. पुढे जो कुठला वर्ग असेल, त्याच्या लहरी या नमुन्याशी ताडून बघायच्या. जुळल्या तर समजलं. शंभरपैकी गुण. आकलनांक.”

नमुन्यासाठी वर्ग हवा होता. अख्ख्या राज्यातून आमची शाळा निवडली गेली, कारण गावंडे सरांचे मेहुणे कुठेतरी होते. सरांनी मला बोलावलं. “ठोंबरेबाई, सर्वोत्तम वर्ग द्या. आठवी ‘ब’ द्या. आणि तपासणीला करतो तशी आधी तीन दिवस रंगीत तालीम घ्या. राज्याचा प्रश्न आहे, पोरं चुकायला नकोत.”

मी आठवी ‘ब’ दिली. तालीमही घेतली. मला कोणी विचारलं नाही, म्हणून मी काही बोलले नाही. सरकारी नोकरीत हे वाक्य फार उपयोगी पडतं.

नमुन्याच्या चाचणीत आठवी ‘ब’ला अठ्ठ्याण्णव टक्के पडले. सिद्धेश हरखून गेला. “इतका स्वच्छ सिग्नल मी कधी बघितला नव्हता. लहरी कशा एकसारख्या, शांत. धक्का म्हणून नाही!”

मुलांनी कपाळावरच्या पट्टीला ‘बाशिंग’ म्हणायला सुरुवात केली. फळ्यासमोरच्या भिंतीवर, मुलांच्या पाठीमागे, शिकवणाऱ्याला दिसेल असा, दिव्यांचा पट्टा लागला. समजतंय तोवर हिरवा, डळमळलं की पिवळा, गोंधळ उडाला की लाल. वर सरासरीचा आकडा. पाठ कधी सुरू झाला आणि कधी संपला हे यंत्राला कळावं म्हणून सिद्धेश बटण बसवणार होता, पण सर म्हणाले, “टोल ही आपल्या संस्थेची परंपरा आहे.” मग त्याने यंत्राला माझा टोल ऐकायला शिकवलं. एक टोल पडला की मोजणी चालू, दोन पडले की बंद.

नियम असा ठरला, की प्रत्येकाचे तीन पाठ मोजायचे. तिन्हीपैकी एकाचा तरी आकलनांक साठच्या वर गेला पाहिजे, नाहीतर प्रमाणपत्र नाही.

दहा चेहऱ्यांचं पुढे काय झालं ते बघण्यासारखं होतं. पहिल्या आठवड्यात दहा जण दहा तऱ्हांनी बोलत होते. ढिवराचा मुलगा घनता शिकवताना आपल्या होडीची, डोंग्याची गोष्ट सांगायचा. ऐकू न येणारा तरुण हातांनी त्रिकोण असे उभे करायचा की माझ्यासारखीलाही भूमिती आवडावी. भिंतीवर लाल दिवे लागायचे. दुसऱ्या महिन्यात त्यांना गुरुकिल्ली सापडली. ओळखीचं वाक्य घ्यायचं, सावकाश म्हणायचं आणि शेवटचा शब्द अर्धा वर्गासाठी सोडायचा.

“पृथ्वी सूर्याभोवती फि…?”

“…रते!”

हिरवा. ब्याण्णव.

दिवाळीपर्यंत दहापैकी नऊ जण एका आवाजात बोलायला लागले. डोंगा गेला. त्रिकोण गेले, त्या तरुणाच्या जागी एक ध्वनिमुद्रण ‘फि…?’ म्हणायचं आणि तो शेजारी हसऱ्या चेहऱ्याने उभा राहायचा. नाना रंगांची माणसं आणायला सरकारला मोठी योजना लागली, त्यांचा एक रंग करायला भिंतीवरचे दिवे पुरले. फलक मात्र फाटकावर तसाच होता.

दहावी होती इंद्रकला टेकाम.

वय एकतीस. वाघदरा पोडावरची. पोड म्हणजे कोलामांची डोंगरातली वस्ती. मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेली आणि अकरा वर्षं सौर पंपांच्या मोटारी दुरुस्त करून पोट भरलेली. तिच्या पोडावरच्या शाळेत विज्ञानाची एक जागा होती. जूनपर्यंत प्रमाणपत्र असलेला शिक्षक हजर झाला नाही, तर सहावी ते आठवी बंद करून मुलांना अठरा किलोमीटरवरच्या निवासी शाळेत पाठवायचं, असं पत्र निघालं होतं. पत्राची नक्कल तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणली होती.

“माही पोरगी पाचवीत हाय, बाई,” तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. “जूनमध्ये सहावीत जाते. म्या पास झाली तर घरी राहून शिकन. नाई तर दहा वर्षांची पोरगी वसतिगृहात.”

तिने पहिला पाठ आठवी ‘ब’वरच दिला. घटक ‘विद्युतधारा’. पोरांनी तारेचा तक्ता कुठे टांगायचा ते तिला खुणेने दाखवलं. तिने तक्ता आणलाच नव्हता. एका फळीवर दोन होल्डर बसवून आणले होते आणि दोन जुने, तारेचे बल्ब. कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला वापरतात तसले. एक चाळीस वॅटचा, एक शंभरचा.

“हे दोघं एकामागं एक, एकाच तारेत जोडले. बटण दाबलं, तर जास्त उजेड कोन देईन?”

“शंभर!” वर्ग एका सुरात. भिंत हिरवीगार. पंच्याण्णव.

तिने बटण दाबलं. चाळीसचा लख्ख पेटला. शंभरच्या पोटात नुसती लालसर तार दिसली.

मी दारात उभी होते. आठवी ‘ब’चा सूर पहिल्यांदाच तुटलेला मी ऐकला. मग एकदम चाळीस तोंडं फुटली. “बल्ब बदलला बाईनं!” “आकडा चुकीचा छापला असन!” “अबे, उलटं लावलं तिनं!” दोन पोरं बाकावर चढली. एका मुलीने बल्बवरचा आकडा हाताने पुसून बघितला. भिंत लालभडक.

टोल पडला तेव्हा आकडा होता अडतीस.

दुसऱ्या पाठाला तिने उष्णतेवर तसंच काहीतरी केलं. चव्वेचाळीस.

सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मीही वही घेऊन उभी.

“टेकामबाई, आम्ही तुम्हाला संधी दिली.”

“हो जी.”

“फलकावर तुमचा फोटो मधोमध घेतला.”

“पाहिला जी.”

“मग निदान त्या फोटोची तरी लाज राखा! यंत्र काय म्हणतंय? गोंधळ. मुलं गोंधळतात. तुमची भाषा प्रमाण नाही, हे एक कारण असेल. इतर नऊ जण बघा, किती छान एकसारखे झालेत.”

“एकसारखेच पाह्यजे होते, तर दहा तऱ्हांचे कायले बोलावले सर?”

सर माझ्याकडे वळले. “ठोंबरेबाई, यांना समजावून सांगा.”

मी तिला कार्यालयात आणून बसवलं आणि समजावून सांगितलं. उजवा हात, डावा हात. शेवटचा शब्द अर्धा सोडायचा. नवीन काही करायचं नाही, निदान तिसऱ्या पाठापुरतं तरी. ती ऐकत होती, बिघडलेल्या मोटारीचा आवाज ऐकावा तशी. मग म्हणाली, “बाई, मीटर चुकीचं दाखवत असलं तर आमी मोटार नाई खोलत. आधी पाह्यतो का त्या मीटरचा शून्य कुठं लावला. ह्या यंत्राचा शून्य कुठं लावला?”

“नमुना आठवी ‘ब’वर घेतला.”

“आठवी ‘ब’नं तो पाठ आधी किती खेपा ऐकला होता?”

सव्वीस वर्षांत माझ्या वहीला कोणी प्रश्न विचारला नव्हता. मी लाल वही उघडली, मागची उघडली. त्या मुलांच्या सातवीपासून मोजत आले. नमुन्याच्या दिवसापर्यंत आठवी ‘ब’ने ‘प्रकाशाचे परावर्तन’ एकतीस वेळा ऐकलं होतं. ‘विद्युतधारा’ बावीस वेळा. शिवाय तीन दिवसांची तालीम वेगळी.

इंद्रकलाने त्या रकान्यावरून खालपर्यंत बोट फिरवलं. मग हसली. “म्हणजे ह्या यंत्रानं समजताना कोनालेच पाह्यलं नाई. पाठ झालेलं पाह्यलं. झोपलेल्या माणसाची नाडी मोजून ठेवली अन् पळणाऱ्याले म्हणते, तू बिमार हायस.” हसू ओसरलं. “हे तुमच्या वहीत होतं. तुमाले दिसत होतं.”

“मला कोणी विचारलं नाही.”

“इचारलं नाई म्हणून सांगतलं नाई?”

मी वही मिटली. चहाची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी न विचारता मी वही सिद्धेशपुढे ठेवली. त्याने आकडे वाचले, चष्मा काढला, पुन्हा वाचले. नव्याने काही कळताना मेंदूला धक्के बसणारच, लहरी विस्कटणारच. शिकणं म्हणजे तेच. आणि त्याच्या यंत्राने नेमकी तीच खूण ‘गोंधळ’ म्हणून शिकून घेतली होती. “एकतीस वेळा?” तो पुटपुटला. “मॅडम, एकतीस?” हुशार पोरगा होता, पण आपल्या देशातली सराव शाळा त्याने कधी आतून बघितली नव्हती.

सरांना पटवायचं तर सरांवरच प्रयोग करायचा, ही कल्पना त्याची. बाशिंग बांधलेला फोटो वर्तमानपत्रात द्यायचा आहे असं सांगितल्यावर सर लगेच तयार झाले. प्रयोगशाळेत त्यांना खुर्ची दिली. सिद्धेशने त्यांचंच स्वागताचं भाषण ऐकवलं. गेली अकरा वर्षं ते तेच भाषण करत आले आहेत. सत्त्याण्णव. सरांनी मान डोलावली. मग इंद्रकलाने फळी पुढे ठेवली आणि तोच प्रश्न विचारला.

“शंभर,” सर म्हणाले. “हे काय विचारणं झालं?”

आकडा शहाण्णव.

तिने बटण दाबलं. चाळीसचा पेटला. सरांचा आकडा घसरत घसरत चोवीसवर आला.

“सर,” सिद्धेश घसा खाकरून म्हणाला, “तुमचं उत्तर चुकलं तेव्हा यंत्र म्हणालं, समजलं. खरं समोर आलं तेव्हा म्हणालं, समजलं नाही.”

सरांनी बाशिंग काढून कपाळ चोळलं. “बल्ब सदोष आहेत,” म्हणाले. थोडा विचार केला. “आणि पहिल्या भागापुरतं बोलाल तर यंत्र माणूस बरोबर ओळखतं.”

सिद्धेशने कंपनीला लिहिलं. चार दिवसांत उत्तर आलं. अकराशे चाळीस महाविद्यालयांत यंत्रं बसली आहेत, नमुना बदलला तर दिलेली सगळी प्रमाणपत्रं रद्द धरावी लागतील, तरी मानकीकरण पूर्ण झाले आहे असे समजावे. आठवड्याभरात आमच्या फाटकावर आणखी एक पाटी लागली : ‘राज्याचा मानक मेंदू – आठवी ब – याच संस्थेचा.’ पोरांना पेढे वाटले. एका पोराच्या आईने मला विचारलं, “मेंदू आमच्या पोराचा घेतला, तर दाखल्यावर तसं लिहून मिळेल का?”

वरून काही होणार नव्हतं. तेव्हा मी माझ्या हातातलं होतं ते केलं. पाठांचं वेळापत्रक माझ्या हातात असतं. कोणता घटक, कोणता वर्ग, कोणाकडे, हे मी ठरवते आणि सर न वाचता सही करतात. मी ‘मालेतील दोन बल्ब’ हा पाठ नवव्या क्रमांकावर चढवला आणि दोन आठवड्यांत नऊच्या नऊ जणांकडून तो आठवी ‘ब’वर देववला. पहिल्याला बावन्न. तिसऱ्याला एकाहत्तर. सहाव्यापर्यंत गाडी रुळावर आली.

“जास्त उजेड देतो तो चा…?”

“…ळीस!”

नव्वद. नवव्याला त्र्याण्णव. चाळीसची तार विजेला जास्त अडवते म्हणून तीच जास्त तापते, हे कारण एकालाही माहीत नव्हतं. तेवढं सोडलं तर पाठ उत्तम बसला होता.

इंद्रकलाचा तिसरा पाठ मी त्याच घटकावर, त्याच वर्गावर लावला. कागद वाचून ती माझ्या टेबलाशी आली.

“बाई, तुमी माहा पाठ शिळा केला.”

“केला. शिळा झाला म्हणून आता यंत्राला पचेल. पस्तीस मिनिटं ‘चा…ळीस’ म्हण आणि जा पोडावर. तिथे आकलक नाही. तिथे हवं तसं शिकव.”

“अन् ह्या पोरायचं?”

“या पोरांचं तुला काय करायचंय? तुझी पोरगी पाचवीत आहे.”

मी हे मुद्दाम कडू बोलले. ती फळी काखेत मारून गेली.

पाठाच्या दिवशी सर शेवटच्या बाकावर, हातात फोन. सिद्धेश यंत्राशी. मी दारात, टोलाजवळ. अकरा वाजता एक टोल दिला.

इंद्रकलाने पाठ अगदी सांगितल्यासारखा दिला. आवाज सपाट, वाक्यं ओळखीची, शेवटचा शब्द अर्धा. वर्ग सुरात. भिंत हिरवी. तिच्याकडे बघवत नव्हतं. पंपाच्या मोटारीत हात घालणारी बाई, बाहुलीसारखी उभी. अठराव्या मिनिटाला सरासरी अठ्ठ्याऐंशी. मी मनात बेरीज करून टाकली होती. झालं, सुटली.

आणि तिसऱ्या बाकावरची तनिष्का भोयर उभी राहिली. उजवा हात नाही, डावा नाही, नुसतीच उभी.

“बाई, जागा बदलली तं? वीज आधी शंभरकडं गेली तं तोच जास्त खाईन नं? चाळीसले उरन काय?”

हा प्रश्न नऊ पाठांत कुणी विचारला नव्हता. टाचणात नव्हता. मागून एक पोरगा ओरडला, “वीज काय भाकर हाय का बे, पहिल्यानं खाल्ली का दुसऱ्याले उरन नाई!” दुसरा म्हणाला, “मंग काय हाय? पाणी पहिल्या शेताले मिळते, मंग दुसऱ्याले.” चार जण तनिष्काकडून, पाच जण विरुद्ध.

पिवळा. लाल.

इंद्रकलाने भिंतीकडे बघितलं. चौऱ्याऐंशी. मग माझ्याकडे. मी मान हलवली : नको. “छान प्रश्न, पुढच्या तासाला बघू,” एवढं म्हणायचं होतं. आमचे सगळे प्राध्यापक जन्मभर तेवढंच म्हणत आले आहेत.

तिने फळी पुढे ओढली. “तनिष्का, तुले काय वाटते? कायले वाटते? आधी सांग, मंग जागा बदलू. आपल्या-आपल्या वहीत लिहा रे सगळे, कोन जिंकन ते. शेजाऱ्याचं पाहू नका.”

अठ्ठ्याहत्तर. पोरं लिहीत होती, खोडत होती, भांडत होती. बहात्तर. पाण्यावाला पोरगा फळ्यापर्यंत आला आणि शेतांचं चित्र काढायला लागला. सहासष्ट. सर फोनमधून वर बघायला अजून तयार नव्हते. घड्याळात अकरा अठ्ठावीस. पाठ संपायला सात मिनिटं होती आणि त्या सात मिनिटांत आकडा साठखाली जाणार, हे कळायला यंत्र लागत नव्हतं. पंचवीस मिनिटांहून लांब पाठ यंत्र पुरा धरतं, हे सिद्धेशनेच मला चहा पिताना सांगितलं होतं.

बासष्ट.

मी दोन टोल दिले.

दिव्यांचा पट्टा विझला. सर दचकून उठले, “झालं? वा, छान!” म्हणाले आणि फोन कानाला लावून बाहेर पडले. सिद्धेशने घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चष्मा पुसायला घेतला.

टोल पडला की आठवी ‘ब’ दारातून पाण्यासारखी बाहेर वाहते. त्या दिवशी एकही उठला नाही. बाशिंगं काढून त्यांनी टेबलावर ढीग केला आणि फळीभोवती कोंडाळं करून उभी राहिली. तनिष्काने स्वतःच्या हाताने बल्ब काढले, जागा बदलल्या. इंद्रकला बाजूला झाली.

“दाब,” ती म्हणाली.

चाळीसचाच पेटला.

सूर वगैरे कुणी लावला नाही. तनिष्काने वाकून दोन्ही बल्बवरचे आकडे पुन्हा वाचले. मग हळूच, स्वतःशीच म्हणाली, “म्हणजे आधी-मंग काई नसतेच. दोघातून एकाच वेळी जाते.” पाण्यावाल्या पोराने फळ्यावरची शेतं तळहाताने पुसून टाकली आणि परत काढायला घेतली, यावेळी वेगळी.

यंत्र बंद होतं. त्या सात मिनिटांचा आकडा कुठेच नाही.

मी कार्यालयात येऊन लाल वही उघडली आणि लिहिलं : टेकाम इंद्रकला. आठवी ब. मालेतील दोन बल्ब. आकलनांक ६२, पात्र. पाठ सुरू अकरा वाजता, पाठ संपला अकरा पस्तीस.

सव्वीस वर्षांतली ती माझी पहिली खोटी नोंद. शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.